फॅमिली प्लॅनमधली सहावी जागा

१४ जानेवारी

संक्रांतीचा दिवस, ताटात गुळपोळी, आणि नवऱ्याने मला बॅकअप शिकवायला घेतला. मिहीर बँकेचं डेटा स्टोरेज सांभाळतो. त्याचं चाललं तर तो घरातल्या मिठाचीही दुसरी प्रत ठेवेल.

वही नवी आहे, तेव्हा पहिल्यापासून लिहिते. आमच्या मित्राचे, ओजसचे वडील, राजाराम काका. नागपूरला वीज मंडळात इंजिनिअर होते. दोन वर्षांपूर्वी काका-काकू मुलाकडे इथे, डॅलसजवळ फ्रिस्कोला राहायला आले. गेल्या महिन्यात एएलएसचं, एकेक स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराचं, निदान झालं. काकांच्या बाबतीत आजार जिभेपासून सुरू झालाय. बोलणं या वर्षातच जाणार, मग हात, मग बाकीचं. मी स्पीच थेरपिस्ट, त्यामुळे ओजस माझ्याकडे आला. करण्यासारखी गोष्ट एकच आहे. बोलता येतंय तोवर त्यांची रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालणारं यंत्र मिळेल, त्यात ती भरायची. काका नुसतं वाक्याकडे बघतील आणि त्यांचा आवाज बोलेल.

प्रश्न एवढाच, की ते रेकॉर्डिंग ठेवायचं कुठे. क्लिनिकच्या पेशंटांसाठी महागडं सॉफ्टवेअर आहे, पण ते इन्शुरन्सच्या कामाला. काकांचं काम मी फी न घेता, घरूनच करणार. मिहीर म्हणाला, तीन प्रती ठेव. एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक पैसे भरून दुसरीकडे. आणि महिन्यातून एकदा उघडून बघ. मी म्हटलं, अरे, ते एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आहे, बँक नाहीये. नाराज झाला. तिसरी पोळी घेतली नाही.

१६ जानेवारी

प्रश्न सुटला, तोही फुकटात. मैत्रीण रेणूशी फोनवर बोलताना विषय निघाला तर ती म्हणाली, "अगं आमचा फॅमिली प्लॅन आहे ना क्लाउडचा! सहा जणांचा. आम्ही तिघं, शंतनूचे दोन मित्र, एक जागा रिकामीच आहे. शंतनूला सांगते, तुला अ‍ॅड करेल."

मी म्हटलं, पैसे किती देऊ, तर म्हणाली, "आता तू फॅमिलीत आलीस, फॅमिलीकडून पैसे घेतात का?" सिनेमाचं अकाउंटही आम्ही त्यांचंच वापरतो. इथे सगळे तसंच करतात. अमेरिकन लोकांना वाटतं एका घरात एक कुटुंब असतं.

तिच्या नवऱ्याने, शंतनूने, रात्रीच्या आत जोडून दिलं. जागा इतकी, की काका शंभर वर्षं बोलले तरी भरणार नाही.

१८ जानेवारी

मिहीरने न विचारता डिस्क आणली होती. आज परत करून आले. काउंटरवरच्या बाईने कारणही विचारलं नाही, हे या देशाचं मला आवडतं. माझा लॅपटॉप तसा लहान, म्हणून सेटिंग असं केलंय की फाइल वर गेली की इथली जागा आपोआप मोकळी होते. रेकॉर्डरचं कार्डही दर वेळी पुसून पुन्हा वापरायचं. मिहीर म्हणाला, "म्हणजे प्रत एकच झाली, आसावरी." मी म्हटलं, क्लाउडवाल्यांच्या हजार प्रती असतात. त्यावर तो उठून भांडी लावायला गेला. मला वाटतं पटलं असावं.

रेकॉर्डिंग पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात करतो. माणूस खुर्ची टाकून बसेल एवढं मोठं कपाट आहे, आणि चारी बाजूंनी साड्या आणि हिवाळ्याचे कोट, म्हणून आवाज घुमत नाही. काका माझ्या पैठण्यांत बसून म्हणतात, "एवढ्या बायकांच्या मध्ये मी आजवर बोललो नाही."

९ फेब्रुवारी

वाक्यांची यादी ठरावीक असते. पाणी हवं, उशी सरकवा, दुखतंय. काकांनी ती बाजूला ठेवली. म्हणाले, "हे त्या मशीनच्या आवाजात चालेल. पाणी काय, कुणीही मागितलं तरी पाणीच येते." त्यांनी स्वतःची वाक्यं आणली होती. नातवाला हाक. ओजसला "गाडी हळू हाण". वरणात हिंग नाही. वीज गेली की फ्यूज आधी बघा. (इथे वीज जात नाही, हे मी सांगितलं नाही.) दोन शिव्या, त्याही नागपुरी, मी लाजत लाजत आवाजाची लेव्हल तपासली.

आणि "अगं". काका काकूंना नावाने हाक मारत नाहीत, कधीच मारली नाही. नुसतं "अगं" असतं. तर त्यांना ते सगळ्या प्रकारचं हवं होतं. चष्मा सापडत नसतानाचं, बातमी वाचून दाखवायची असतानाचं, चिडलेलं, चूक झाल्यावरचं. शेवटी एक फार हळू म्हणाले. मी विचारलं, हे कधीचं? म्हणाले, "हे असंच. जवळ आहे की नाही पाहायचं."

काकू खाली स्वयंपाकघरात बसतात, वर येत नाहीत. आज मला म्हणाल्या, "सगळं नीट ठेवून राहिली ना तू? मला त्यातलं काही कळत नाही गं." मी म्हटलं, काकू, अगदी निर्धास्त राहा.

२० मार्च

शंतनूचा जॉब गेला. सकाळी मीटिंग, दुपारी लॅपटॉप जमा. बारा वर्षं त्याच कंपनीत होता. ग्रीन कार्डची रांग अर्धीही सरली नाही. आता व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर परत.

रेणूला फोन करायला हवा. पण काय बोलायचं? "सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्यांचा मला स्वतःला राग येतो. विकेंडला निवांत करेन.

३० मार्च

पाडव्याच्या कार्यक्रमात रेणू दिसली. निळी साडी, चेहरा उतरलेला. तिच्याभोवती चार-पाच जणी होत्या, म्हणून मी गेले नाही. गर्दीत विचारणं बरं दिसत नाही. नंतर शोधलं तर निघून गेली होती.

काकांच्या बोलण्यात "र" आणि "ळ" घसरायला लागलेत. वेग वाढवायला हवा.

१२ एप्रिल

रेणू घरी आली, फोन न करता. तिचा स्वभाव नाही तो.

नोकरी मिळत नाहीये. मेच्या पहिल्या आठवड्यात ते पुण्याला जातायत. त्यांची मुलगी इशिता इथेच जन्मली, तिला जायची सक्ती नाही, आणि तिच्या अकरावीच्या परीक्षा मेअखेरपर्यंत. रेणूने विचारलं, "तीन आठवडे ठेवून घेशील तिला? एवढं वर्ष वाया जायला नको."

मी सांगितलं, खोली एकच आणि तिथे काकांचं रेकॉर्डिंग. खोली शांत लागते, वेळ सांगून येत नाही, काकांचं बोलणं दिवसागणिक चाललंय. यातलं काहीही खोटं नाही. शिवाय सोळा वर्षांची परकी मुलगी, काही झालं तर जबाबदारी कुणाची? हे मी बोलले नाही.

रेणू म्हणाली, "असू दे गं. काकांचं महत्त्वाचं आहे." चहा अर्धाच ठेवून गेली. मला वाईट वाटलं, पण तिला माझं म्हणणं पटलं असावं, नाहीतर ती वाद घालणारी आहे.

२६ एप्रिल

आज थांबलो. काकांनी एक वाक्य पाच वेळा म्हटलं आणि पाचही वेळा मीच ओळखू शकले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माईक हाताने खाली केला. कोटांमधून उठताना मी धरलं तर हात हलका लागला.

पण काम झालं आहे. अकराशेच्या वर वाक्यं, एकूण एक स्वच्छ. आयुष्यात मी केलेलं सगळ्यांत चांगलं काम हेच असेल. जिन्यात काकूंनी माझे हात धरले. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

४ मे

रेणू-शंतनू काल गेले. मला एअरपोर्टवर जायचं होतं, पण क्लिनिकमध्ये नवा पेशंट होता. आठवड्यापूर्वी तिचा मेसेज होता: "शंतनू इथली सगळी अकाउंट्स बंद करतोय. आमच्या प्लॅनवर तुझं जे आहे ते काढून घे प्लीज." मी अंगठा पाठवला. सिनेमाचं गेलं म्हणायचं. नाहीतरी बघायला वेळ कुणाला आहे.

पाहुण्यांची खोली आवरली. ट्रेडमिल गराजमध्ये धूळ खात होती, ती वर आणून ठेवली. खोली एकदम मोठी वाटते.

११ जून

हल्ली रोज एक मेल येतो. तुमची जागा भरली आहे, त्वरित कृती करा, अन्यथा फाइली नष्ट होतील. खाली लाल बटण. अशाच एका बटणापायी क्लिनिकशेजारच्या डेंटिस्टचं अकाउंट लुटलं होतं. मिहीर कायम सांगतो, घाबरवणाऱ्या मेलवर क्लिक करायचं नाही. म्हटलं, नवऱ्याचं एवढं तरी ऐकावं. न उघडता डिलीट, आणि तो पत्ता कायमचा ब्लॉक.

२ ऑगस्ट

काकांना बघायला गेले. बोलणं पूर्ण गेलं. घशातून आवाज येतो, पण त्याला आकार नाही. उजवा हातही गेलाय. पाटीवरच्या अक्षरांकडे बघतात, काकू बोट फिरवतात. यंत्राची मंजुरी आली, सप्टेंबरात मिळेल. ओजस म्हणाला, "बाबा रोज विचारतात, कधी येणार." काकू म्हणाल्या, घर फार शांत झालंय. काकांना हाक मारता येत नाही म्हणून त्या दिवसभर त्यांच्या नजरेसमोरच बसून असतात. आंघोळीलाही ओजस घरी असताना जातात.

मी म्हटलं, थोडे दिवस राहिले, काकू.

२० सप्टेंबर

आज लिहायलाच हवं.

यंत्र काल आलं. आज सकाळी वाक्यं उतरवायला बसले. क्लाउडवरचं फोल्डर उघडलं. रिकामं. मला वाटलं चुकीचं फोल्डर. मग दुसरं, तिसरं. मग एक ओळ दिसली, की प्लॅनमधून वगळल्यामुळे तुमची जागा मर्यादेबाहेर गेली होती, वारंवार कळवूनही उत्तर न आल्याने मुदत संपल्यावर फाइली काढून टाकल्या आहेत.

वारंवार कळवूनही.

क्लाउडवाल्यांच्या चॅटवरच्या माणसाशी दोन तास बोलले. फार नम्र होता. प्रत्येक वेळी माझी अडचण समजते म्हणाला आणि प्रत्येक वेळी नाही म्हणाला. लॅपटॉपवर फक्त फाइलींची नावं, आत काही नाही. कार्ड पुसलेलं. मिहीर ऑफिसमधून आला आणि त्याला जमतं ते सगळं त्याने करून पाहिलं. कार्डातून माझ्या एका जुन्या पेशंटचा खोकला निघाला.

मग तो माझ्याजवळ बसला. "मी सांगितलं होतं" म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. तो म्हणालाच नाही. म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं.

२१ सप्टेंबर

रेणूला पुण्याला फोन लावला. खरं सांगायचं तर जाब विचारायलाच लावला होता. एवढं मोठं काढून टाकताना माणूस फोन करतो की नाही?

ती शांतपणे म्हणाली, "मी मेसेज केला होता, आसावरी. तू अंगठा दिलास. शंतनूने तरी आठवडाभर थांबून मग काढलं. म्हणाला, तिचं काकांचं काम आहे, तिला वेळ मिळू दे."

मी म्हटलं, मला वाटलं सिनेमाचं.

"फोन करून विचारायचंस ना. मार्चपासून तू एकदाही फोन केला नाहीस."

मी इशिताबद्दल विचारलं. परीक्षेपर्यंत ती रेणूच्या ऑफिसमधल्या एका बाईकडे राहिली, प्लेनोला. रोज दोन बस बदलून शाळेत. रेणू म्हणाली, "त्या खोलीत काकांचं चालू होतं ना तेव्हा." मी हो म्हटलं. ट्रेडमिल माझ्या समोरच होती.

मग ती रडायला लागली. काकांसाठी. तिने त्यांना एकदाच पाहिलं होतं, गणपतीत.

२४ सप्टेंबर

ओजसला आधी एकट्याला सांगावं म्हणून फोन केला. तो उचलून लगेच म्हणाला, "सॅटरडेला सकाळी ये. आई शिरा करतेय. सगळे असू तेव्हाच पहिल्यांदा लावू या." मी ठीक आहे म्हटलं.

त्याच्या फोनवर वडिलांचे काही व्हिडिओ आहेत का, हे सहज विचारल्यासारखं विचारलं. दोन-तीन आहेत म्हणाला, बर्थडेचे. सगळे गातायत, बाबा मागे टाळ्या वाजवतायत.

२७ सप्टेंबर

सांगितलं.

शिऱ्याचा वास दारापर्यंत येत होता. काका खिडकीपाशी व्हीलचेअरमध्ये, अंगावर इस्त्रीचा शर्ट, समोर यंत्र. काकूंनी बारीक नक्षीची साडी नेसली होती. मी बसले नाही. बसले असते तर बोलू शकले नसते. म्हटलं, रेकॉर्डिंग नाहीये. माझ्या चुकीने गेलं. एकच प्रत होती, दुसऱ्याच्या प्लॅनवर होती, मला तसं कळवलं होतं, मी लक्ष दिलं नाही.

काकू म्हणाल्या, "म्हणजे कधीपर्यंत येईल परत?"

मी म्हटलं, येणार नाही काकू.

"दुसरीकडून कुठून?"

ओजसचा चेहरा पांढरा पडला. "ऑल ऑफ इट? एकही नाही? आम्ही तुझ्यावर सोडलं होतं. डॅलसच्या क्लिनिकने सगळं इंग्लिशमध्ये केलं असतं, प्रॉपरली केलं असतं. बाबा म्हणाले, आपली माणसं आहेत." मग म्हणाला, "प्लीज, तू जा."

काकांना पहिल्या वाक्यातच कळलं होतं. त्यांनी माझ्यावरून नजर काढली आणि यंत्राकडे नेली. एकेका अक्षरावर डोळे ठेवायला वेळ लागतो. आम्ही सगळे उभे राहिलो. काकू गॅस बंद करून आल्या. मग यंत्राचा मूळचा, बातम्या देणाऱ्यासारखा तरुण आवाज म्हणाला, "तिला थांबू दे. माईक काढ. मी बोलतो."

ओजस म्हणाला, "बाबा, नका." मी म्हटलं, काका, आता नाही होणार, तुम्हाला त्रास होईल. त्यांनी पुन्हा तेच लावलं. मी बोलतो.

माईक-रेकॉर्डर माझ्या गाडीत होता. आणला. वायर ओजसने लावली, माझ्याकडे न बघता.

काका बोलले. शब्द नव्हते. घशातून वर येणारा एक ओढलेला आवाज, मग धाप, मग पुन्हा. मी रेकॉर्डरचा काटा बघत होते, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. काकू त्यांच्या गुडघ्याशी खाली बसल्या होत्या. पहिल्या आवाजाला त्या म्हणाल्या, "चहा. हे चहा म्हणाले." मला तो चहा वाटला नव्हता. दुसऱ्याला म्हणाल्या, "ओजस." तिसऱ्याला नातवाचं नाव. काका मान किंचित हलवत होते, बरोबर आहे म्हणून. काकूंना एकही चुकलं नाही. ओजस दाराकडे तोंड करून उभा होता.

सात-आठ झाले असतील. काकांच्या ओठांच्या कडेने लाळ गळत होती, शर्टाची कॉलर भिजली. काकू म्हणाल्या, "पुरे आता. पुरे झालं हो." त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. मोठा श्वास घेतला आणि एक शेवटचं बोलले. आधीच्या सगळ्यांपेक्षा लांब होतं, आणि हळू.

काकूंनी पुन्हा लावायची खूण केली. मी रेकॉर्डिंग मागे घेऊन पुन्हा लावलं, त्यांनी कान रेकॉर्डरजवळ नेला. पुन्हा लावलं. "नाही कळत हो," त्या म्हणाल्या. "काय म्हणता? यंत्रावर सांगा ना." काकांची नजर अक्षरांवर गेली आणि एकही न निवडता तिथून हलली. मग त्यांनी डोळे मिटले.

२८ सप्टेंबर

फाइली उतरवल्या. मिहीरने तीन ठिकाणी ठेवल्या, मला न विचारता, आणि मी त्याच्याशेजारी बसून प्रत्येक उघडून ऐकली. काकूंनी सांगितली तशी नावं दिली: चहा, ओजस, पाणी नको.

शेवटचीला रेकॉर्डरने आपोआप आकडा दिलाय. मिहीरने विचारलं, हिला काय नाव देऊ? मी सांगितलं, तशीच राहू दे.